चित्र जनतेचे, कुंपण भांडवलाचे

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या किसान मोर्चाचे स्मरण प्रत्येक वाचकाला असेल. सुमारे १८० किलोमीटरचे अंतर उन्हातान्हात पायी तुडवून हजारो शेतकरी आणि आदिवासी स्त्रीपुरुष १२ मार्च रोजी आझाद मैदानावर येऊन थडकले. त्या दिवसांत भाषणांपेक्षाही देशभर गाजली ती छायाचित्रे. फोड फुटलेल्या, सोलवटलेल्या, तळ झिजलेल्या चपलांतील पायांची ती छायाचित्रे एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने दहाजणांना पाठविली. एरवी मोर्चा म्हटला की वाहतुकीच्या खोळंब्याची तक्रार करणाऱ्या मुंबापुरीतील नागरिक पाणी, अन्न आणि चपला घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मोर्चा जिंकला तो चालणाऱ्या पायांनी, यात शंका नाही. परंतु त्या पायांचे दर्शन घराघरांत पोचविले ते छायाचित्र टिपणाऱ्या आणि ते निःशुल्क वाटणाऱ्या हातांनी.

आज मात्र कोणी विचारले की ते छायाचित्र कोणी टिपले होते, ते पाय कोणाचे होते, ती बाई कोणत्या गावची होती, तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. टिपणाऱ्याचे नाव वाटेत गळून पडले आणि चालणारीचे नाव तर कोणी विचारलेच नव्हते. ज्या समाजमाध्यमांच्या वाहिन्यांवरून ती चित्रे फिरली त्यांच्या मालकांनी मात्र प्रत्येक फेऱ्याबरोबर आपल्या जाहिरातीच्या उत्पन्नात भर घालून घेतली. आपण काढलेले छायाचित्र, आपण संगणकावर रेखाटलेले चित्र इतरांना दाखविणे आणि देणे ही वरकरणी छंदाची बाब वाटते. परंतु तिच्या पोटात श्रमाचा, मालकीचा आणि सत्याचा प्रश्न दडलेला आहे. त्याचा विचार गंभीरपणे करण्याची वेळ आलेली आहे.

काही साथी म्हणतील की रोजगार, महागाई आणि कामगार संहितांविरुद्धचा लढा समोर असताना ही चैनीची चर्चा कशाला? हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. कष्टकरी माणसाच्या हाती कॅमेरा येणे ही मुळातच एका लढ्याची कहाणी आहे. १८८८ मध्ये कोडॅक कंपनीने आणि पुढे १९०० मध्ये तिच्याच एक डॉलर किमतीच्या ब्राउनी कॅमेऱ्याने छायाचित्रणाचे यंत्र बड्या स्टुडिओंच्या बाहेर आणले. सामान्य माणूस आपले कुटुंब, आपले अंगण, आपली सहल टिपू लागला. परंतु कारखान्याच्या आतले, संपाच्या फाटकावरचे, भुकेल्या चाळीतले चित्र कोण टिपणार? भांडवली वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना त्यात रस नव्हता. हे ओळखून १९२६ मध्ये जर्मनीतील ‘आर्बायटर इल्युस्ट्रीर्ट साइटुंग’ या कामगारांच्या सचित्र साप्ताहिकाने आपल्या वाचकांनाच आवाहन केले : तुमच्या जगण्याची छायाचित्रे तुम्हीच काढा आणि आम्हाला पाठवा. त्यातून कामगार छायाचित्रकारांची संघटना उभी राहिली आणि तिचे स्वतंत्र मासिक निघाले. कॅमेरा कसा धरावा, अंधाऱ्या खोलीत फिल्म कशी धुवावी, हे कामगार कामगाराला शिकवू लागला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्या साप्ताहिकाला बर्लिन सोडून प्राग गाठावे लागले. छायाचित्र निरुपद्रवी असते तर फॅसिस्टांनी त्याची एवढी धास्ती घेतली नसती.

आपल्या देशातही ही परंपरा आहे आणि तिच्या वारशावर आपला हक्क आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्या आग्रहावरून सुनील जाना या तरुणाने इंग्रजी साहित्याचा अभ्यास बाजूला सारून कॅमेरा हाती घेतला. रस्त्यावर मरून पडणाऱ्या माणसांची त्यांची छायाचित्रे ‘पीपल्स वॉर’च्या पानांवर झळकली आणि ब्रिटिश सरकार जे झाकू पाहत होते ते देशासमोर उघडे पडले. याच पत्राची मराठी आवृत्ती ‘लोकयुद्ध’ या नावाने मुंबईतून निघत असे. चित्रकार चित्तप्रसाद यांनी त्याच दुष्काळात मिदनापूर जिल्हा पायी फिरून रेखाटने केली. ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने निघालेल्या त्या पुस्तिकेच्या जवळजवळ सर्व प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे मुंबईत अंधेरीला राहून चित्तप्रसाद यांनी लिनोकट हे माध्यम प्रामुख्याने हाताळले. लिनोलियमच्या तुकड्यावर एकदा चित्र कोरले की स्वस्त कागदावर त्याचे हवे तेवढे ठसे उठविता येतात. धनिकाच्या दिवाणखान्यात एकच एक चित्र टांगले जाण्यापेक्षा शंभर झोपड्यांत शंभर ठसे पोचावेत, ही दृष्टी त्या निवडीमागे होती.

या दोघांनी चित्रे मोकळ्या हाताने दिली. परंतु ती अनाम नव्हती. छायाचित्राखाली जाना यांचे नाव होते, रेखाटनाखाली गावाचे नाव होते आणि चित्तप्रसाद यांच्या रेखाटनांतील माणसांना तर त्यांची स्वतःची नावे आणि कहाण्या होत्या. चित्र सर्वांना द्यावयाचे, परंतु ते कोणी, कोठे, कोणाविषयी काढले याची नोंद पुसू द्यावयाची नाही, हा त्यांचा धडा आजही तितकाच उपयोगी आहे. जाना यांनी आपल्या उतारवयात आपली छायाचित्रे संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना पाहता यावीत म्हणून प्रदर्शनरूपाने मांडली. त्यातही हीच वृत्ती दिसते.

मग आज बदलले काय? चित्र तयार करण्याचे साधन आज कोट्यवधी लोकांच्या खिशात आहे. फिल्म नाही, धुण्याचा खर्च नाही. खेड्यातील शाळकरी मुलगीही मोबाईलवर चित्र रेखाटू शकते आणि क्षणात ते दुसऱ्या टोकाला पाठवू शकते. उत्पादनाच्या साधनाचा हा प्रसार स्वागतार्हच आहे. परंतु वितरणाचे साधन मात्र पूर्वीपेक्षाही थोड्या हातांत एकवटले आहे. या बदलाचे चित्र २०१२ या एकाच वर्षात स्पष्ट दिसते. त्या वर्षाच्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, अवघ्या दीड वर्षापूर्वी सुरू झालेली आणि केवळ १३ नोकर असलेली इन्स्टाग्राम ही कंपनी फेसबुकने एक अब्ज डॉलर देऊन विकत घेण्याचे जाहीर केले. तेरा माणसांच्या श्रमाला एवढी किंमत कशी आली? ती किंमत त्या तेरांच्या श्रमाची नव्हतीच. कोट्यवधी माणसांनी आपली छायाचित्रे तेथे आणून ओतली होती, एकमेकांची छायाचित्रे पाहण्यात आपला वेळ घातला होता. ही गर्दी हाच त्या कंपनीचा माल होता. वेतन नाही, हजेरी नाही, कामाचे तास नाहीत, असा हा श्रम. आणि त्याचे फळ मात्र पूर्णपणे मालकाचे. त्याच वर्षी डिसेंबरात त्या कंपनीने आपल्या अटी बदलून वापरकर्त्यांची छायाचित्रे जाहिरातींसाठी वापरण्याची तजवीज केली, तेव्हा एवढा गदारोळ उठला की ते शब्द मागे घ्यावे लागले. सामुदायिक निषेधाला या क्षेत्रातही फळ येते, याची ही साक्ष आहे.

याहून उद्बोधक अनुभव सद्‌भावनेने चित्रे मोकळी ठेवणाऱ्यांना आला. २००२ पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या नावाचे परवाने प्रचारात आले. माझे छायाचित्र कोणीही वापरावे, फक्त माझे नाव द्यावे. किंवा धंद्यासाठी वापरू नये. अशा अटी चित्रकर्त्याला त्यामुळे सोप्या शब्दांत घालता येऊ लागल्या. सामुदायिक गायरानासारखी ही उदात्त कल्पना होती आणि फ्लिकर या संकेतस्थळावर लक्षावधी लोकांनी आपली घरगुती छायाचित्रे या परवान्यांखाली ठेवली. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आले की आयबीएम या बड्या कंपनीने तेथील सुमारे दहा लाख छायाचित्रे चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेच्या संशोधनासाठी वापरली होती. ज्यांचे चेहरे त्यांत होते त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. वाढदिवसाचे, सहलीचे, लग्नाचे छायाचित्र आप्तेष्टांना दिसावे म्हणून ठेवावे आणि त्यातून पाळत ठेवणारे यंत्र शिकून तयार व्हावे! गायरानात गावाची गुरे चरावीत म्हणून कुंपण काढले, आणि कंत्राटदाराने रात्रीतून माती उचलून नेली, असाच हा प्रकार झाला.

त्यानंतर आली चित्रे तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२२ मध्ये ‘लायन’ या नावाने पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णने एकत्र केलेला संग्रह तयार झाला. त्यातील चित्रांवर शिकविलेले ‘स्टेबल डिफ्युजन’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात उतरले. आता चार शब्द लिहिले की यंत्र चित्र काढून देते, आणि एखाद्या हयात चित्रकाराचे नाव त्यात घातले की त्याच्याच शैलीत काढून देते. या यंत्राला शिकविणारे लाखो चित्रकार आणि छायाचित्रकार होते. त्यांपैकी कोणालाही विचारले गेले नाही, कोणालाही मोबदला दिला गेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ‘आर्टस्टेशन’ या चित्रकारांच्या संकेतस्थळावर शेकडो कलावंतांनी आपल्या चित्रांच्या जागी निषेधाचा एकच फलक लावला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत काही चित्रकार न्यायालयात गेले. यंत्राला आमचा विरोध नाही. श्रमिकाचे कौशल्य त्याच्याकडून काढून यंत्रात भरावयाचे आणि मग त्याच यंत्राच्या धाकाने त्याची मजुरी पाडावयाची, ही भांडवलाची जुनी चाल आहे. गिरणीतील विणकराने ती सोसली, छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्याने ती सोसली. आज ती पुस्तकांची मुखपृष्ठे रेखाटणाऱ्या तरुणाच्या दारात आली आहे.

या परिस्थितीत दोन चुकीची उत्तरे पुढे येतात, आणि दोन्हींबद्दल आपण सावध असले पाहिजे.

पहिले उत्तर असे की चित्रे दाखविणेच बंद करावे, पेटीत कुलूप लावून ठेवावीत. हे पराभवाचे उत्तर आहे. चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पुरे होते. २०१९-२० मध्ये नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा अनेक तरुण चित्रकारांनी संगणकावर काढलेले फलक कोणीही उतरवून घ्यावेत, छापावेत, हातात धरावेत म्हणून मोकळे ठेवले होते. ते त्यांनी कुलपात ठेवले असते तर रस्त्यावर कोणाच्या हातात दिसले असते?

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे. माहिती मोकळी असावी, कलेला मालक नसावा, म्हणून कंपन्यांनी काहीही उचलले तरी तक्रार करू नये, असा युक्तिवाद केला जातो. दुर्दैवाने स्वतःला पुरोगामी म्हणविणारे काही मित्रही त्यात सामील होतात. खासगी मालमत्तेला आपला विरोध आहे, मग छायाचित्रकाराच्या हक्काची बाजू आपण कशी घेणार, असे ते विचारतात. हा निव्वळ गोंधळ आहे. आपला विरोध आहे तो दुसऱ्याच्या श्रमावर जगू देणाऱ्या मालमत्तेला. जो स्वतःच्या श्रमाने चित्र घडवितो त्याचे श्रम फुकट लाटण्याची मुभा कारखानदाराला द्यावी, असे कोणत्याही समाजवाद्याने कधी म्हटलेले नाही. शिवाय या कंपन्या स्वतःचे यंत्र, स्वतःचे सूत्र आणि स्वतःचा नफा मोकळा ठेवतात काय? इतरांच्या चित्रांच्या बाबतीत त्या समाजवादी होतात आणि आपल्या तिजोरीच्या बाबतीत कडव्या भांडवलदार राहतात!

कायद्याच्या आघाडीवरही लक्ष हवे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार जो छायाचित्र काढतो तोच त्याचा कर्ता. त्याच कायद्याचे कलम ५७ असे सांगते की हक्क विकले तरी आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीची विकृती झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. हे संरक्षण तोकडे असले तरी मोलाचे आहे आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने एक कार्यपत्रिका प्रसिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना सर्व कलाकृती शिकवणीसाठी वापरण्याचा सक्तीचा परवाना मिळावा आणि बदल्यात त्यांनी एका मध्यवर्ती संस्थेमार्फत मानधन द्यावे, अशी तिची सूचना आहे. मानधनाचे तत्त्व मान्य झाले हे पाऊल पुढचेच म्हटले पाहिजे. परंतु नाही म्हणण्याचा हक्क कर्त्याला त्यात नाही, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याच्या सौद्याला सौदा कसे म्हणावे? शिवाय मोठ्या प्रकाशकांचा वाटा काढून झाल्यावर जिल्ह्याच्या गावातील छायाचित्रकाराच्या आणि हौशी चित्रकर्तीच्या पदरात काय पडणार? नकाराचा हक्क, मानधन ठरविणाऱ्या संस्थेत कलावंतांच्या संघटनांचे प्रतिनिधित्व आणि कोणती चित्रे वापरली हे जाहीर करण्याचे बंधन, या तीन मागण्या संघटित रीतीने मांडल्या गेल्या पाहिजेत.

याखेरीज सत्याचा प्रश्न आहे. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलक महिला कुस्तीगिरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. पोलिसांच्या गाडीत बसलेल्या विनेश आणि संगीता फोगाट यांचे एक छायाचित्र बाहेर आले. काही तासांत त्याची एक बनावट प्रत फिरू लागली. तीत यंत्राच्या साहाय्याने त्यांच्या चेहऱ्यांवर हसू चिकटविलेले होते. अत्याचाराची दाद मागणाऱ्या स्त्रिया मजेत आहेत, हे दाखविण्याचा तो कावा होता. तो उघडा पडला, कारण मूळ छायाचित्र उपलब्ध होते आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखविता आली. मूळ चित्र जपणे, ते कोणी, केव्हा, कोठे काढले याची नोंद ठेवणे, हे आता लढ्याच्या संरक्षणाचे काम झाले आहे.

आणि शेवटी, ज्याचे चित्र काढले त्या माणसाचे काय? ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशाने पाहिले. त्यात एकही मृतदेह दिसत नव्हता, तरीही टाळेबंदीच्या क्रौर्याचा त्याहून मोठा पुरावा नव्हता. मृताची विटंबना न करता सत्य सांगता येते, हे त्या छायाचित्राने शिकविले. जिवंत माणसाच्या बाबतीत तर काळजी दुप्पट हवी. मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले होते की दिल्लीतील दंगलींच्या तपासात चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेने अकराशेहून अधिक व्यक्ती ओळखल्या आहेत. ती यंत्रणा सत्तेच्या हाती आहे आणि ती निदर्शकांवरही रोखता येते. संपातील कंत्राटी कामगाराचा चेहरा आपण कौतुकाने सर्वत्र पाठवितो, तेव्हा त्याची नोकरी आपल्या बोटाखाली असते. त्याला विचारल्यावाचून ते बोट दाबता कामा नये.

येथे थोडी आत्मटीकाही आवश्यक आहे. आपल्या सभासंमेलनांची हजारो छायाचित्रे मोबाईलवरून फिरतात. त्यांवर टिपणाऱ्याचे नाव नसते, तारीख नसते, गाव नसते. पाठविताना त्यांचा आकार आकसतो, कॅमेऱ्याने केलेली वेळेची नोंद बहुधा पुसली जाते आणि महिन्याभरात मोबाईल भरला की सारे काढून टाकले जाते. आपल्या भित्तिपत्रकांवर कोणा तरुण साथीचे रेखाचित्र छापताना त्याचे नाव घालण्याचे आपल्याला सुचत नाही. भांडवलदार नाव पुसतो म्हणून आपण त्याच्यावर टीका करतो. आपण निष्काळजीपणाने पुसतो, परिणाम तोच.

हे बदलणे अवघड नाही. प्रत्येक छायाचित्राबरोबर टिपणाऱ्याचे नाव, तारीख आणि ठिकाण लिहावे. ज्याचे चित्र आहे त्याची संमती घ्यावी, आणि नाव सांगणे त्याला सुरक्षित असेल तर त्याचे नावही द्यावे. धोका असेल तेथे चेहरा आणि ठिकाण झाकावे. मूळ चित्र न आकसता निदान दोन ठिकाणी जपावे. जिल्हा पातळीवर एका साथीने संग्रहाची जबाबदारी घ्यावी. चित्र मोकळे ठेवताना नाव द्यावे, धंद्यासाठी वापरू नये, अशा अटी चित्राबरोबरच स्पष्ट लिहाव्यात. लबाड त्या मोडील, हे खरे. परंतु अट लिहिलेली असेल तरच मोडल्याचा जाब विचारता येतो.

हे घडू शकते याचा दाखलाही समोर आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत श्रमिक स्त्रियांची छायाचित्रे काढली आणि त्यांचे प्रदर्शन कलादालनांपुरते न ठेवता खेड्यांच्या चौकांपर्यंत आणि कारखान्यांच्या फाटकांपर्यंत नेले. त्यांनीच डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेला ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह मराठीसह अनेक भारतीय भाषांत सर्वांना विनामूल्य पाहता येतो. त्यात छायाचित्रकाराचे नाव असते, गावाचे नाव असते आणि शेतमजूर स्त्रीचेही नाव असते.

२०१८ च्या मोर्चातील त्या पायांकडे पुन्हा एकदा वळू. पुढचा मोर्चा निघेल तेव्हा कॅमेरे असतीलच, चित्रेही फिरतीलच. ज्या साथीने ते छायाचित्र टिपले त्याचे नाव त्याखाली असेल, आणि ज्या माउलीचे ते पाय असतील तिला विचारून तिचे नाव आणि गाव लिहिलेले असेल, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे. ती आजपासून करावी, असे आमचे सर्व साथींना आग्रहाचे आवाहन आहे.